नागपूरच्या सर्व्हे ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर लावून घेताना

नव्या डेस्कटॉपवर ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचा प्रोग्रॅम) किंवा सिव्हिल थ्रीडी (त्याचाच सर्व्हे आणि रस्त्यांच्या कामासाठीचा मोठा भाऊ) टाकून झालं की लगेच कामाची फाइल उघडू नका. आधी अर्धा दिवस सेटिंगला द्या. मी नागपुरात सर्व्हे ड्रॉइंगचं काम करते: लेआउट, रस्ते, नाल्या, पाण्याच्या लाइनी. सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनची (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) किंवा जीपीएसची फाइल येते, आर्किटेक्टकडून प्लॅन येतो, आणि दोन्ही एकमेकांवर नीट बसवून द्यायची जबाबदारी माझी असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना कमांड सगळ्या येतात, अडतं ते सेटिंगपाशी. "ताई, फाइल उघडली, पण काहीच दिसून नाही राहिलं," अशी हाक येते तेव्हा रेघा बहुतेक वेळा जागेवरच असतात. युनिट चुकलेलं असतं, नाहीतर झोन, म्हणजे नकाशाची कुठली पट्टी धरली ते.

सेटिंग राहतं तीन ठिकाणी, हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. काही विंडोजमध्ये राहतात. काही प्रोग्रॅमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरवर तुमच्या लॉगिनखाली. आणि काही थेट ड्रॉइंगच्या फाइलमध्ये. प्रोफाइलमधलं सेटिंग तुम्ही कुठलीही फाइल उघडली तरी तेच राहतं. ड्रॉइंगमधलं सेटिंग मात्र फाइलबरोबर प्रवास करतं, आणि दुसऱ्याची फाइल उघडली की त्याचं सेटिंग तुमच्या स्क्रीनवर येतं. कमांड लाइनवर ओपी टाइप करून एंटर दाबा, ऑप्शन्सची खिडकी उघडेल. तिच्यात काही ओळींच्या शेजारी ड्रॉइंगच्या फाइलचं छोटंसं चिन्ह दिसतं. ते चिन्ह असलेलं सेटिंग ड्रॉइंगमध्ये साठतं, नसलेलं प्रोफाइलमध्ये. बहुतेक जण त्या चिन्हाकडे बघतही नाहीत. तुम्ही बघा, कारण कुठली गोष्ट एकदाच लावायची आणि कुठली टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या ड्रॉइंगच्या कोऱ्या साच्यात, घालून ठेवायची, हे तेच सांगतं.

आधी मशीन आणि विंडोज

कॅबिनेटच्या मागे जाऊन बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाच्या पोर्टमध्येच हवी. मदरबोर्डालाही एचडीएमआयचं पोर्ट असतं, ते वरच्या बाजूला असल्यामुळे हाताला आधी लागतं आणि केबल तिथे खोचली जाते. स्क्रीन सुरू होते म्हणून कुणाला शंकाही येत नाही, पण पैसे मोजून घेतलेलं कार्ड रिकामं बसून राहतं. कार्डाची पोर्टं खाली, आडव्या पट्टीवर असतात. केबल तिकडे लावा. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन ऑटोकॅडचा प्रोग्रॅम यादीत घाला आणि त्याला हाय परफॉर्मन्स निवडा.

कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की मशीनलाही हवा मिळावी असं वाटणं साहजिक आहे, पण कूलरची हवा ओलसर असते आणि टाकीतल्या जड पाण्याचे क्षार घेऊन येते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, मागची जाळी मोकळी राहू द्या, आणि होळी झाली की पंख्यांची धूळ काढून घ्या. यूपीएसची बॅटरीही त्याच सुमारास तपासायची: सगळ्या फाइली बंद करून यूपीएसचा भिंतीवरचा प्लग काढा, आणि मशीन किती वेळ टिकतं ते घड्याळ लावून बघा.

मग डी ड्राइव्हवर कामाचं एक फोल्डर करा, आणि त्यात टेम्प्लेट, फॉन्ट, प्लॉट स्टाइल आणि ऑटोसेव्ह अशी चार फोल्डरं. नावं इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवा. ड्रॉइंगं डेस्कटॉपवर ठेवण्याची सवय मोडाच. आजकाल विंडोजमध्ये डेस्कटॉपचं फोल्डर बरेचदा वनड्राइव्हच्या हवाली केलेलं असतं. तुम्ही सेव्ह करता त्याच वेळी ते फाइल वर चढवत असतं, आणि दोन मशीनवर तीच फाइल उघडी राहिली तर एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या तयार होऊ शकतात. कामाची फाइल डीवर, आणि संध्याकाळी तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर.

फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो असं जाऊन फाइलच्या नावांची शेपटं दिसू द्या. विंडोज ती लपवून ठेवतं. शेपूट दिसलं नाही तर डीडब्ल्यूजी (ड्रॉइंगची फाइल) कुठली आणि बीएके (तिची बॅकअप प्रत) कुठली हे कळत नाही, आणि पुढे जे सांगते आहे ते करताच येणार नाही.

लाइट गेली तर

ऑटोसेव्ह मुळात सुरूच असतो. दर दहा मिनिटांनी होतो. ऑप्शन्समध्ये ओपन अँड सेव्ह या टॅबवर ती मिनिटं बदलता येतात, किंवा सेव्हटाइम टाइप करून आकडा द्या. साध्या ऑटोकॅडमध्ये मी ५ ठेवते. सिव्हिल थ्रीडीमध्ये मोठी सरफेस (जमिनीच्या चढउताराचं मॉडेल) असेल तर प्रत्येक ऑटोसेव्हला स्क्रीन थबकते, तिथे १० राहू द्या. हे घड्याळ ड्रॉइंगमध्ये पहिला बदल केल्यावर सुरू होतं आणि तुम्ही स्वतः सेव्ह केलंत की पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे हाताने सेव्ह करायची सवय असलेल्या माणसाच्या मशीनवर ऑटोसेव्हची फाइल क्वचितच बनते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खरी अडचण त्या फाइलच्या जागेची आहे. कुणी बदललं नसेल तर ती विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये जाते. ते फोल्डर ॲपडेटाच्या आत लपलेलं असतं, आणि मशीन हळू झालं की आपण सगळे पहिला झाडू तिथेच मारतो. विंडोजचा स्टोरेज सेन्स चालू असेल तर तोही तिथली सफाई करतो. लाइट गेली, मशीन परत लावलं, कुणीतरी क्लीनर चालवला, आणि दुपारभराचं काम त्या कचऱ्याबरोबर गेलं, असं घडू शकतं. म्हणून ऑप्शन्सच्या फाइल्स टॅबवर ऑटोमॅटिक सेव्ह फाइल लोकेशन शोधा आणि तिथे डीवरचं ऑटोसेव्ह फोल्डर द्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण या सगळ्या लेखातलं एकच करणार असाल तर हे करा.

काम वाचवायची वेळ आली तर आधी ड्रॉइंगरिकव्हरी ही कमांड द्या. डावीकडे पट्टी उघडते, तिच्यात मूळ फाइल, बॅकअप आणि ऑटोसेव्ह असे पर्याय वेळेसकट दिसतात. वेळ बघून सगळ्यात अलीकडची उघडा आणि नवीन नावाने सेव्ह करा. पट्टी रिकामी असेल तर ऑटोसेव्हच्या फोल्डरमध्ये जा. तिथे ड्रॉइंगचं नाव, पुढे काही आकडे, आणि शेपटाला एसव्ही व डॉलरचं चिन्ह अशी फाइल असेल. तिची प्रत काढा आणि प्रतीचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी करा. ड्रॉइंग रीतसर बंद केलं की ऑटोकॅड ही फाइल स्वतःच पुसून टाकतं. म्हणून 'चुकून सेव्ह न करता बंद केलं' या प्रकरणात तिचा उपयोग नाही. बीएकेही तिथे गेलेलं काम परत देत नाही, ती चुकीचं काही सेव्ह झालं किंवा मूळ फाइल खराब झाली तर कामाला येते: आधीच्या सेव्हची प्रत, मूळ फाइलच्याच शेजारी. ती बनत राहावी म्हणून आयसेव्हबॅक १ आहे ना ते बघून घ्या. फोल्डरमध्ये गर्दी होते म्हणून ते ० करणारे लोक मला भेटतात. गर्दी होऊ द्या.

युनिट

आपल्याकडे एकाच प्रकल्पात तीन भाषा चालतात. सर्व्हे मीटरमध्ये येतो, स्ट्रक्चरचा माणूस मिलिमीटरमध्ये काढतो, आर्किटेक्टचा प्लॅन फूट-इंचात असतो, आणि ग्राहक सांगतो '१५०० फुटांचा प्लॉट'. सर्व्हेचं ड्रॉइंग मीटरमध्येच ठेवायचं. यूएन टाइप करा. लांबीचा प्रकार डेसिमल, दशांशाची तीन स्थळं, आणि खाली इन्सर्शन स्केलमध्ये मीटर्स. ही शेवटची जागा इन्सयुनिट्स या नावाने ड्रॉइंगमध्ये साठते: मीटरला ६, मिलिमीटरला ४, इंचाला १, फुटाला २. ० असेल तर 'युनिट सांगितलेलं नाही'. कोनाची दिशा मी पूर्वेपासून आणि घड्याळाच्या उलटच राहू देते. उत्तरेपासून मोजायचं असेल तर सिव्हिल थ्रीडीत ॲझिमथ आणि बेअरिंगच्या पारदर्शक कमांड (दुसरी कमांड चालू असतानाच देता येणाऱ्या) आहेत, त्यासाठी मूळ दिशा बदलू नये, नाहीतर दुसऱ्याच्या हातात फाइल गेल्यावर त्याचे कोन वाकडे पडतात.

आता बारीक गोष्ट. इन्सयुनिट्स बदलल्याने आतल्या रेघा लहानमोठ्या होत नाहीत. ती नुसती पाटी आहे. ९०० मिलिमीटरच्या दारावर मीटरची पाटी लावली तर ऑटोकॅडसाठी ते ९०० मीटरचं दार. म्हणून कुणाची फाइल आली की जोडण्याआधी ती वेगळी उघडून एक दार मोजा. डीआय टाइप करून दाराच्या दोन कडा पकडा. ९००च्या आसपास आलं तर मिलिमीटर, ०.९ आलं तर मीटर, ३ आलं तर फूट, ३६ आलं तर इंच. मग यूएनमध्ये पाटी काय लागली आहे ते बघा. पाटी आणि दार जुळत असतील तर एक्सरेफ करताना (ती फाइल आपल्या ड्रॉइंगला जोडताना) ऑटोकॅड स्वतःच बरोबर माप लावतं. जुळत नसतील तर आधी त्या फाइलच्या प्रतीवर पाटी दुरुस्त करा, मग जोडा. रेघांचंही माप बदलून हवं असेल तर डॅश लावून डीडब्ल्यूजीयुनिट्स ही कमांड आहे, ती एकेक प्रश्न विचारत जाते.

फुटाच्या बाबतीत आणखी एक. यादीत साधा फूट असतो आणि अमेरिकन सर्व्हे फूटही असतो. साधा फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. सर्व्हे फूट त्याहून दहा लाखांत दोन भागांनी मोठा. प्लॉटच्या मापात हा फरक दिसतच नाही. पण नागपूरचा नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, २३ लाख मीटरच्या वर आहे. तेवढ्या मोठ्या आकड्यावर हाच फरक साडेचार मीटरपेक्षा जास्त होतो, म्हणजे अख्खा लेआउट शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसतो. अमेरिकेनेही २०२२ संपताना हा फूट मोडीत काढला, तरी सॉफ्टवेअरच्या यादीत तो आहेच. सिव्हिल थ्रीडीच्या ड्रॉइंग सेटिंगमध्ये इम्पीरियल टु मेट्रिक कन्व्हर्जन अशी ओळ आहे, तिथे इंटरनॅशनल फूट निवडा.

ग्राहकाला चौरस फूट दाखवायचे असतील तर ड्रॉइंगचं युनिट बदलायची गरज नाही. फील्डमध्ये (आपोआप बदलणारा मजकूर) ऑब्जेक्ट, एरिया, आणि ॲडिशनल फॉरमॅटमध्ये कन्व्हर्जन फॅक्टर १०.७६४ द्या. १३९.३५ चौरस मीटरचा ३० बाय ५० चा प्लॉट १५०० लिहून येतो, आणि प्लॉटची हद्द सरकवली की रीजेन केल्यावर आकडाही सरकतो.

झोन ४४

पुण्या-मुंबईच्या ऑफिसमधून टेम्प्लेट मागवून वापरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या नकाशा-पद्धतीत पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या पट्ट्या आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश हा झोन ४३, आणि ७८ ते ८४ हा झोन ४४. मुंबई, पुणे, नाशिक सगळे ४३ मध्ये. नागपूर ७९ अंशांच्या किंचित पुढे, म्हणून ४४ मध्ये. वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीही ४४. पण अमरावती आणि अकोला ४३ मध्ये पडतात, म्हणजे नागपूर ते अमरावती जाताना वाटेतच झोन बदलतो. समृद्धी महामार्गासारखं लांबलचक काम दोन्ही झोनमधून जातं.

चुकीचा झोन लागला तर प्रोग्रॅम काहीच तक्रार करत नाही, म्हणून हे प्रकरण वाईट. आकडे मात्र सांगतात. ४४ मध्ये नागपूर शहराचा ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) ३ लाखांच्या आसपास येतो आणि नॉर्दिंग २३ लाख ४० हजारांच्या आसपास. हेच ठिकाण ४३ मध्ये मोजलं तर ईस्टिंग सव्वानऊ लाखांच्या घरात जातो. म्हणून माझ्याकडच्या पोरांना मी हे दोन आकडे पाठ करायला लावते. फाइल उघडली, आयडी टाइप केलं, एका बिंदूवर टिचकी मारली, आणि एक्स ९ लाखांवर दिसला की हात थांबला पाहिजे.

चुकीच्या झोनमध्ये नुसती जागा चुकते असंही नाही. यूटीएम आपल्या पट्टीच्या आत जवळजवळ खरा असतो आणि पट्टीबाहेर जाऊ तसा जास्त ताणला जातो. ४४ मध्ये नागपूरला ग्रिडवरचं (नकाशाच्या जाळीवरचं) अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांत एका किलोमीटरमागे दहा सेंटिमीटरही फरक पडत नाही. ४३ मध्ये बसवलं तर नुसत्या ग्रिडच्या ताणाने एका किलोमीटरमागे पावणेदोन मीटरच्या वर वाढ होते, आणि ग्रिडची उत्तर खऱ्या उत्तरेपासून साधारण दीड अंश कलते. नाल्याच्या लांबीवर बिल निघतं, तिथे हे चालत नाही.

लावायचं कसं: सिव्हिल थ्रीडीत टूलस्पेसच्या सेटिंग्ज टॅबवर ड्रॉइंगच्या नावावर उजवी टिचकी, एडिट ड्रॉइंग सेटिंग्ज, युनिट्स अँड झोन. ड्रॉइंग युनिट मीटर्स. कॅटेगरीत यूटीएम, डब्ल्यूजीएस ८४ डेटम निवडा आणि खालच्या यादीतून झोन ४४ नॉर्थ. कोडच्या जागी यूटीएम ८४, डॅश, ४४ एन असं आलं पाहिजे. सेट ऑटोकॅड व्हेरिएबल्स टु मॅच यावर खूण करा, म्हणजे इन्सयुनिट्सही त्याबरोबर जुळतं. साध्या ऑटोकॅडमध्ये जिओ ही कमांड देऊन नकाशावरून जागा निवडा, ते जवळपासच्या पद्धतींची यादी दाखवतं, त्यातली हीच घ्या. डेटम, म्हणजे पृथ्वीचा आकार कसा धरला ते, बघितल्याशिवाय ओके करू नका, कारण जुने टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींत नुसतं 'अक्षांश-रेखांश' लिहिलेलं असतं, पण ते एकमेकांवर बसत नाहीत.

तपासायला गूगल अर्थ प्रो चांगलं. त्याच्या ऑप्शन्समध्ये अक्षांश-रेखांशाच्या जागी युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर निवडा. झिरो माइलवर बाण नेला की खाली ४४ क्यू आणि पुढे ईस्टिंग-नॉर्दिंग दिसेल. आता तुमच्या सर्व्हेतला एखादा ओळखीचा कोपरा घ्या, पुलाचा कठडा किंवा चौकातला दुभाजक, आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवा. काही मीटरचा फरक हा फोटोचा असू शकतो. शेकडो मीटरचा फरक डेटमचा, आणि शेकडो किलोमीटरचा झोनचा. उंचीही बघून घ्या: नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आगेमागे आहे. सर्व्हेत झेड १०० दिसला तर सर्व्हेअरने मनाने धरलेला बेंचमार्क (उंची मोजायचा मूळ बिंदू) आहे, त्याला फोन करा.

पॉइंट फाइल आत घेताना फॉरमॅटच्या नावातला क्रम वाचा. पीएनईझेडडी म्हणजे पॉइंट, नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची, वर्णन. काही यंत्रांतून ईस्टिंग आधी येतो. उलटा फॉरमॅट निवडला तर सगळं ड्रॉइंग आरशात बघितल्यासारखं होतं, आणि रस्ते ओळखीचे वाटतात पण वळणं विरुद्ध बाजूला असतात. इथेही ३ लाख आणि २३ लाख उपयोगी पडतात: नोटपॅडमध्ये फाइल उघडा, मोठा आकडा तो नॉर्दिंग.

एवढ्या मोठ्या आकड्यांवर काम करताना हॅच (आकारात भरलेल्या रेघांची नक्षी) तुटक दिसतो किंवा रेघा थरथरतात. त्यावर 'सगळं शून्यावर आणून ठेवतो' हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. ड्रॉइंग एकदा जागेवरून हलवलं की परत बिनचूक जागी बसवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. आर्किटेक्टला सोयीचं हवं तर त्याच्यासाठी यूसीएस (ड्रॉइंगचे तात्पुरते अक्ष) फिरवून द्या, आणि हॅचसाठी एचपीओरिजिन त्या प्लॉटच्या कोपऱ्यावर आणा.

टेम्प्लेट, अक्षरं आणि बाकीचं

एवढं झालं की ड्रॉइंगमध्ये साठणारं सगळं एका टेम्प्लेटमध्ये बांधा: युनिट, झोन, लेअर, टेक्स्ट स्टाइल, शीटची चौकट. मेझरमेंट १ ठेवा, म्हणजे हॅच आणि तुटक रेघा मेट्रिकच्या फाइलींतून येतात. मीटरमधल्या साध्या ड्रॉइंगला व्ह्यूपोर्टचं (शीटवर ड्रॉइंग दाखवणाऱ्या खिडकीचं) स्केल देताना लक्षात ठेवा, १ मीटर म्हणजे कागदावर २ मिलिमीटर झाले की १:५००. म्हणून झूम २एक्सपी. १:१००० ला १एक्सपी, १:२०० ला ५एक्सपी. यादीत हवं असेल तर स्केललिस्टएडिटमध्ये कागदाचे १००० आणि ड्रॉइंगचे ५०० असं लिहा. मग सेव्ह ॲज करून डीडब्ल्यूटी निवडा, फाइल डीवरच्या टेम्प्लेट फोल्डरमध्ये टाका, आणि ऑप्शन्सच्या फाइल्स टॅबवर टेम्प्लेट सेटिंग्जमध्ये क्यून्यूसाठी (नवं ड्रॉइंग सुरू करायची कमांड) तीच नेमून द्या. मी दोन टेम्प्लेट ठेवते, नावातच ४४ आणि ४३ लिहिलेली. अमरावतीकडचं काम आलं की दुसरी.

मराठी अक्षरांचं काय? मौजा, खसरा क्रमांक, पांधण, धुरा, नाला हे शब्द मराठीतच लिहिलेले मला आवडतात, शेतकऱ्याला नकाशा दाखवताना तेच कामाला येतात. एसएचएक्स, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, तिथे प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात. एसटी टाइप करून वेगळी स्टाइल बनवा, फॉन्ट निर्मला यूआय, उंची ०. मंगल किंवा कोकिला हवा असेल तर विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यावे लागतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करू नका. तुमच्या स्क्रीनवर 'खसरा' दिसेल आणि समोरच्याकडे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. मजकूर एमटेक्स्टमध्ये लिहा आणि पीडीएफ काढून 'क्र.' आणि 'क्षेत्र' ही दोन जोडाक्षरं मोठी करून तपासा. ती बरोबर आली की बाकीची येतात.

दुसऱ्या ऑफिसला फाइल देताना ओपन अँड सेव्ह टॅबवरचं फॉरमॅट बघा. २०१८च्या फॉरमॅटमधली फाइल २०१७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत उघडत नाही. मी २०१३चं ठेवते. सिव्हिल थ्रीडीची फाइल मात्र नुसती जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून भागत नाही, ती आधी साध्या ऑटोकॅडमध्ये एक्स्पोर्ट करावी लागते, नाहीतर समोरच्याला सरफेसच्या जागी चौकट दिसते.

ओपन केल्यावर खिडकी न येता कमांड लाइनवरच फाइलचं नाव विचारलं गेलं तर फाइलडिया १ करा. एखादी लिस्प रूटीन (ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) मधेच अडकली की ते ० वर राहून जातं. लिस्प चालवत असाल तर तिचं एकच फोल्डर ट्रस्टेड लोकेशन्समध्ये घाला, अख्खा डी ड्राइव्ह कधीच नाही. कुणाच्या पेनड्राइव्हवर ड्रॉइंगच्या शेजारी ए-कॅड-डॉक नावाची लिस्प किंवा एफएएस फाइल दिसली आणि ती कुणी ठेवली हे सांगता येत नसेल, तर पेनड्राइव्हवरून काहीही न उघडता ती पुसून टाका. ऑटोकॅडचे व्हायरस याच वाटेने एका ऑफिसातून दुसऱ्यात जातात.

स्क्रीनचा रंग, क्रॉसहेअर, माउसच्या चाकाचा वेग हे तुमच्या डोळ्यांना जमेल तसं लावा, त्यात बरोबर-चूक काही नाही. ग्राफिक्सकॉन्फिगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन चालू आहे ना एवढं बघा.

सगळं मनासारखं झालं की ऑप्शन्सच्या प्रोफाइल्स टॅबवर ॲड टु लिस्ट करून त्याला नाव द्या आणि एक्स्पोर्ट करून एआरजी फाइल डीवरच्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवा. एक्स्पोर्ट करताना पाथसकट घ्यायची खूण असते, ती करा. दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तेव्हा आधी कामाचं अख्खं फोल्डर त्याच ड्राइव्हवर, त्याच नावाने कॉपी करा आणि मगच एआरजी इम्पोर्ट करून सेट करंट दाबा. फोल्डर नसताना प्रोफाइल लावलं तर त्यातले पाथ रिकाम्या जागी बोट दाखवतात, आणि टेम्प्लेटही सापडत नाही, ऑटोसेव्हची जागाही.